चौघांनी मिळून सिगरेट सोडताना एकमेकांना आधार द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणच्या एका कारखान्यात एकाच लाइनवर काम करणारे चार जण, दिवसाला आठ ते पंधरा सिगरेटी ओढणारे. गणपतीनंतर चौघांनी एकत्र सोडायचं ठरवलं आणि व्हॉट्सॲप ग्रुप काढला. रोज 'दिवस पहिला', 'दिवस दुसरा' असं टाकायला सुरुवात झाली. चौथ्या दिवशी एकाने ओढली. ग्रुपवर त्याची चांगलीच हजेरी घेतली गेली आणि तो ग्रुप सोडून गेला. दुसऱ्या आठवड्यात आणखी दोघं चहानंतर 'अर्धी-अर्धी' करू लागले. आता पुन्हा सुरुवात करायची आहे, तर एकमेकांचा उत्साह टिकवायचा कसा, असं तुम्ही विचारलंय.

तुमच्याकडे उत्साह कमी होता असं मला वाटत नाही. तो नसता तर ग्रुपच निघाला नसता. अडचण अशी की त्या ग्रुपवर फक्त यश सांगायची सोय होती. 'आत्ता तलफ आलीय' हे सांगायला जागा नव्हती, आणि 'ओढली' हे सांगायला तर मुळीच नव्हती. शिवाय चौघांचं सोडणं एकाच दोरीला बांधलेलं होतं, त्यामुळे एक घसरला तेव्हा बाकीच्यांनाही आपोआप सूट मिळाल्यासारखं झालं. या दोन्ही गोष्टी दुरुस्त करता येतात. समुपदेशनात आम्ही गटांना सर्वांत जास्त वेळ यावरच देतो.

एकत्र सोडायची कल्पना चांगलीच आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या रहिवाशांच्या तीस वर्षांहून अधिक काळाच्या नोंदी तपासून २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. माणसं एकेकटी सोडत नाहीत, मित्रांचे आणि नातेवाइकांचे घोळकेच्या घोळके एकत्र सोडतात, असं त्यात दिसलं. छोट्या कंपनीत एका सहकाऱ्याने सिगरेट सोडली की दुसऱ्याची ओढत राहण्याची शक्यता सुमारे ३४ टक्क्यांनी कमी झाली होती. पण 'हा तुझा जोडीदार' असं नुसतं नाव लावून दिल्याने फायदा होतो, हे मात्र अभ्यासांतून स्पष्टपणे दिसलेलं नाही. जोडीदार नेमकं काय करतो, त्यावर सगळं अवलंबून असतं.

आधी प्रत्येकाने स्वतःपुरत्या चार गोष्टी लिहून काढा, कारण चौघांचं व्यसन सारखं नसतं. उठल्यावर किती वेळात पहिली सिगरेट लागते? दिवसभरात किती होतात? सोबत तंबाखू, मिश्री किंवा गुटखा आहे का? मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा, फिट्स किंवा मानसिक आजारासाठी औषधं चालू आहेत का? उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला पहिली लागते त्याचं शरीर निकोटिनला घट्ट बांधलेलं आहे. त्याला बहुधा औषधाची मदत लागेल, नुसत्या गप्पांनी भागणार नाही. सकाळी काही वाटत नाही, पण चहाला चौघं जमले की ओढतो, अशा माणसाची लढाई सवयीशी आणि जागेशी आहे. पहिल्याने दुसऱ्याला 'तुला जमतं मग मला का नाही' असं विचारण्यात अर्थ नाही.

तंबाखूचं मुद्दाम सांगतो. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के. म्हणजे सिगरेट सोडलेल्या माणसाच्या हाताच्या अंतरावर चुना-तंबाखूची डबी असतेच. 'सिगरेट सोडली, फक्त एक चिमूट लावतो' असं झालं की निकोटिन तसंच चालू राहतं, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका नव्याने सुरू होतो. चौघांनी ठरवताना 'तंबाखू कुठल्याच रूपात नाही' असंच ठरवा. सुपारीही नको, ती स्वतःच कॅन्सरकारक आहे. तोंडाला चाळा हवा असेल तर बडीशेप, धनाडाळ, लवंग किंवा ज्येष्ठमधाची काडी खिशात ठेवा. ई-सिगरेटवर आपल्याकडे २०१९ पासून कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे त्या वाटेचा विचार नको.

आता तुमचा मित्र चौथ्याच दिवशी का घसरला ते पाहू. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं, म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत जवळपास संपतं. चिडचिड, बेचैनी, झोप मोडणं, लक्ष न लागणं हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातं आणि पुढच्या दोन ते चार आठवड्यांत उतरत जातं. तो पडला तो या टोकाच्या अगदी लगतच. हे चौघांना आधीच माहीत असतं तर त्याला 'कच्चा' म्हणायची वेळ आली नसती. यातलीच दुसरी कामाची गोष्ट म्हणजे तलफेची एक लाट काही मिनिटांचीच असते. बहुतेकांना तिचा जोर तीन ते पाच मिनिटं जाणवतो, आणि ओढा किंवा न ओढा, ती ओसरते. म्हणून मदतही त्याच मिनिटांत पोचायला हवी. सकाळी दहाला 'तलफ आलीय' लिहिलं आणि पावणेअकराला तीन अंगठे आले, तर त्या अंगठ्यांचा काही उपयोग नाही.

त्यामुळे मोठा ग्रुप राहू द्या, पण खरं काम दोघादोघांच्या जोडीत करा. जोडी एकाच शिफ्टची हवी. नियम एवढाच की फोन सिगरेट पेटवण्याआधी करायचा, आणि जोडीदाराने तो उचलायचाच. शॉप फ्लोअरवर मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागत असेल तर एखादी खूण ठरवून घ्या. खूण दिसली की दुसऱ्याने पुढच्या ब्रेकला याच्यासोबत निघायचं, टपरीच्या उलट्या दिशेला. फोनवर उपदेश करू नका. बोलणं साधारण असं असावं:

'अरे, जाम तलफ आलीय.'
'कुठे आहेस?'
'गेटजवळ.'
'टपरी दिसतेय?'
'हो.'
'मग पाठ फिरव आणि पार्किंगकडे चालत ये. मी फोनवरच आहे. सुपरवायझर आज काय म्हणाला सांग.'

यात 'धीर धर', 'मन घट्ट कर' वगैरे काही नाही. पहिल्या दोन प्रश्नांनी माणूस जागेवरून हलतो आणि तिसऱ्या वाक्याने त्याचं लक्ष दुसरीकडे जातं. पाच मिनिटं बोललात की काम झालं. एखाद्याला दिवसात सहा वेळा फोन करावा लागला तरी पहिल्या आठवड्यात ते अगदी ठीक आहे. चिडून बोलला तर मनावर घेऊ नका, ती निकोटिन उतरतानाची चिडचिड आहे.

घसरल्यावर काय करायचं हेही सुरुवातीच्या दिवसाआधीच चौघांनी बसून ठरवा. पहिल्या दोन आठवड्यांत एक झुरकासुद्धा बहुतेकांना परत जुन्या मार्गावर नेतो, म्हणून तो हलक्यात घेऊ नये. पण एका सिगरेटचं पाकीट होतं ते बहुतेक वेळा लाजेपोटी. 'आता गेलंच सगळं, तर संपवून टाकू' असं माणूस मनाशी म्हणतो, आणि समोरच्याने झापलं की त्या म्हणण्याला बळच मिळतं. म्हणून ठराव असा करा: ओढली तर तासाभरात जोडीदाराला सांगायचं, आणि जोडीदाराने चारच प्रश्न विचारायचे. अजून जवळ काही आहे का? कुठे होतास? सोबत कोण होतं? त्याआधी काय झालं होतं? पहिल्याचं उत्तर 'हो' असेल तर उरलेल्या सिगरेटी फोन चालू असतानाच मोडून पाण्यात टाकायच्या. बाकीच्या तीन उत्तरांवरून उद्यासाठी एक बदल ठरवायचा. पगाराच्या दिवशी एटीएमच्या रांगेत जुना मित्र भेटला आणि ओढली, तर पुढच्या पगाराला जोडीदारासोबत जायचं. एवढं पुरतं. दुसऱ्याने ओढली म्हणून आपला दिवस मोडत नाही, हे वाक्य मात्र ग्रुपवर आधीच पिन करून ठेवा.

याच कारणासाठी 'दिवस पहिला, दिवस दुसरा' ही मोजणी बंद करा, असं माझं मत आहे. अकराव्या दिवशी एक ओढलेल्या माणसाला परत शून्य लिहायचं म्हणजे दहा दिवस वाया गेले असं वाटतं, आणि तो खोटा बारा लिहितो. त्याऐवजी 'या महिन्यात बिनधुराचे किती दिवस' हे मोजा. तीस दिवसांतले अठ्ठावीस ही लपवण्यासारखी संख्या नाही. ओढली की पाचशे रुपये, असा दंडही लावू नका. मित्रांमधल्या दंडाचा परिणाम सहसा एकच होतो, माणूस गुपचूप ओढायला लागतो.

ग्रुपवर सुविचारांची चित्रं टाकण्यापेक्षा खऱ्या गोष्टी टाका. सोडल्यावर एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड न ओढणाऱ्या माणसाइतका खाली येतो. काही दिवसांत जेवणाची चव आणि वास जास्त कळू लागतो. काहींना सुरुवातीचे काही आठवडे खोकला वाढल्यासारखा वाटतो, कारण श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा कामाला लागून कफ बाहेर ढकलतात. हे आधी माहीत नसलं तर माणूस म्हणतो, 'सोडल्यापासूनच त्रास वाढला.' खोकल्यातून रक्त आलं किंवा खोकला तीन-चार आठवड्यांपलीकडे गेला तर मात्र डॉक्टरांकडे जा. वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका सुमारे निम्म्यावर येतो.

तारीख कशी निवडायची? एक ठरवून त्या दिवशी पूर्ण थांबणं हे हळूहळू कमी करण्यापेक्षा सरस ठरतं. इंग्लंडमधल्या सुमारे सातशे जणांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार आठवड्यांनी, एकदम थांबलेल्यांपैकी ४९ टक्के आणि हळूहळू थांबलेल्यांपैकी ३९ टक्के बिनसिगरेटचे होते. सहा महिन्यांनीही हा फरक टिकला, २२ विरुद्ध साडेपंधरा टक्के. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी दिवसपाळीच्या आठवड्याची सुरुवात निवडावी. रात्रपाळीत पहाटे तीनला झोप आणि तलफ एकदम येतात, तिथे पहिला आठवडा काढणं विनाकारण अवघड आहे. चौघांपैकी एकाला ती तारीख सोयीची नसेल तर त्याला आठवडाभर मागून येऊ द्या, ओढून आणू नका. आदल्या दिवशी घर, बाइकची डिकी, लॉकर आणि जर्किनचे खिसे रिकामे करा. लायटरही टाका. आणि टपरीवाल्याची उधारी मिटवा. हे बारीक वाटतं, पण 'पैसे द्यायला गेलो होतो' म्हणून सुरू झालेल्या सिगरेटी पुष्कळ असतात. सुट्या सिगरेटी विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, तरी टपरीवर मागितली की मिळते, त्यामुळे टपरीवाल्याला चौघांनी जाऊन सरळ सांगा, 'दादा, आम्ही सोडलीय, मागितली तरी देऊ नका.' बहुतेक जण हा शब्द पाळतात.

चहाचं काय? जागा बदला, हे तर झालंच. पण प्रमाणही कमी करा, आणि त्याचं कारण समजून घ्या. सिगरेटच्या धुरातल्या घटकांमुळे यकृत कॅफिन लवकर संपवतं. सिगरेट थांबली की तेवढ्याच चहातलं कॅफिन शरीरात जास्त वेळ राहतं आणि रक्तातली पातळी जवळपास दुप्पट होऊ शकते. मग छातीत धडधड, हात थरथरणं, रात्री टक्क जाग, आणि माणसाला वाटतं की हे सिगरेट सोडल्याचंच लक्षण आहे. पहिले काही आठवडे चहा-कॉफी निम्मी करा आणि दुपारी चारनंतर बंद. फुल चहाऐवजी कटिंग घेतलं तरी निम्मं काम होतं.

निकोटिनच्या गोळीवर, म्हणजे चघळायच्या गमवर, जरा थांबतो, कारण 'गम घेतला पण उपयोग झाला नाही' म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण तो च्युइंगमसारखा चावत असतात. तसा चावला की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, तिथे त्याचा फार उपयोग होत नाही, आणि उचकी, जळजळ, मळमळ, जबडा दुखणं मात्र होतं. निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून जायला हवं. गम हळूहळू आठ-दहा वेळा चावा. तिखट, चुणचुणीत चव आली की चावणं थांबवा आणि गाल व हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवा. मिनिटभराने चव गेली की पुन्हा थोडं चावा आणि दुसऱ्या बाजूला ठेवा. एक गम असा अर्धा तास चालतो. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक काही नको, आंबट पेयांनी निकोटिन शोषलं जात नाही. जोडीदारांनी पहिला गम एकमेकांसमोर बसून घ्यावा, पद्धत चुकली तर लगेच दिसते.

किती घ्यायचा? उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅम, डॉक्टरांना विचारून. नाहीतर २ मिलिग्रॅम. पहिले सहा आठवडे जागेपणी दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे साधारण आठ ते बारा. कमाल मर्यादा दिवसाला चोवीस. पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे दर चार-आठ तासांनी, आणि मग बंद. लोक दुसरी चूक करतात ती कमी घेण्याची. 'तलफ असह्य झाली की घेईन' म्हणून दिवसात दोन गम घेतले तर ते पुरत नाहीत. तलफेची वाट न पाहता ठरल्या वेळी घ्या. गमने दात-हिरड्यांना त्रास होत असेल तर त्वचेवर लावायचे पॅच मिळतात, ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. गम घेणाऱ्याला 'म्हणजे तू खरा सोडलाच नाहीस' असं ग्रुपमध्ये कुणी म्हणू नये. धुरातला डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड गममध्ये नसतो.

घरच्यांचाही विचार करा. तुम्ही लिहिलंय की एकाची बायको रोज शर्टाचा वास घेते. काळजीपोटीच करते, पण पहारा बसला की नवरा तिच्यापासून लपवतो आणि मग जोडीदारापासूनही. त्याने स्वतःहून बोलावं: 'पुढचे तीन आठवडे मी चिडचिड करेन, ती तुझ्यावर नाही. वास घेऊ नकोस, मी घसरलो तर स्वतः सांगेन. जेवण झालं की माझ्याबरोबर दहा मिनिटं खाली चक्कर मार.' शेवटची विनंती सर्वांत मोलाची. जेवणानंतरची सिगरेट चहानंतरच्या सिगरेटइतकीच चिवट असते, आणि त्या दहा मिनिटांत पायाला काम मिळालं की निम्मी अडचण सुटते.

दारूबाबत आढेवेढे न घेता सांगतो: पहिला महिनाभर 'बसायचा' कार्यक्रम नको. दोन पेगनंतर जोडीदाराला फोन करायचा, हा ठराव कुणाच्या लक्षात राहत नाही.

तिसऱ्या आठवड्यानंतर वेगळा धोका सुरू होतो. त्रास कमी झालेला असतो, फोन थांबलेले असतात आणि मनात येतं, 'आता माझ्या ताब्यात आहे, एक ओढून बघू.' तुमच्या मित्रांची अर्धी-अर्धी दुसऱ्याच आठवड्यात आली, तरी ती अशाच विचारातून आली असावी. तेव्हा फोन कमी झाले तरी आठवड्यातून एकदा चौघांनी पंधरा मिनिटं भेटा, निदान तीन महिने. प्रत्येकाने फक्त एक गोष्ट सांगायची: या आठवड्यात सर्वांत जवळून कधी हुकली. याच काळात वजन चार-पाच किलोंपर्यंत वाढू शकतं. पहिल्या महिन्यात सिगरेट आणि आहार दोन्हींवर एकदम झडप घालू नका, वडापावऐवजी फुटाणे-काकडी एवढं पुरे.

ग्रुप सोडून गेलेल्याला परत कसं आणायचं? ग्रुपमध्ये पुन्हा ॲड करू नका. ज्याने सर्वांत जास्त झापलं असेल त्याने एकट्याने फोन करावा आणि म्हणावं, 'त्या दिवशी मी जास्तच बोललो. तू सांगितलंस म्हणून तरी आम्हाला कळलं. पुढच्या सोमवारी आम्ही परत सुरू करतोय, तू माझ्याबरोबर जोडीत येशील का?' लगेच हो म्हणायला लावू नका.

डॉक्टरांकडे कुणी आधी जायचं तेही सांगतो. मधुमेह असलेल्याने सोडल्यानंतर काही आठवडे साखर जास्त वेळा तपासावी, इन्सुलिन किंवा गोळ्यांचं प्रमाण बदलावं लागू शकतं. दम्यासाठी थिओफिलिन किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापिन, ओलान्झापिन चालू असेल तर तारीख ठरवण्याआधीच डॉक्टरांना सांगा, कारण कॅफिनप्रमाणे याही औषधांची रक्तातली पातळी सिगरेट थांबल्यावर वाढते. बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन या तलफ कमी करणाऱ्या गोळ्या सिगरेट सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू कराव्या लागतात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतात. फिट्स येणाऱ्याला बुप्रोपिऑन चालत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत राहिलं किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर जोडीदाराने त्याला स्वतः सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावं. फोनवर समुपदेशन हवं असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ मोफत आहे. तारीख ठरली की चौघांनी एकेकटे त्यावर एकदा बोलून घ्या, प्रत्येकाची योजना वेगळी निघेल.